सामानकाकांचा रविवार

नाटक कंपनीत सगळे त्यांना सामानकाका म्हणत. रंगमंचावरची तलवार, टेलिफोन, फुलदाणी, सगळं त्यांच्या हातचं. पण खरा हातखंडा खोट्या जेवणात. भुशाचा पाव, मेणाची द्राक्षं, प्लास्टरचा तीन मजली केक! पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि ते मिटक्या मारत 'खाणाऱ्या' नटाच्या पोटात कावळे ओरडत असायचे.

निवृत्तीनंतर काकांचा सगळा आठवडा एका रविवारभोवती फिरू लागला. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती व्हीगन झाली, म्हणजे दूध नाही, अंडं नाही, मधसुद्धा नाही. तेव्हापासून बापलेक दर रविवारी एखादं नवं व्हीगन हॉटेल गाठायची. काकू गेल्यावर दोघांना बोलायला एवढंच काय ते निमित्त. म्हणून काका आठवडाभर नव्या जागा हुडकत. जागा संपल्या तर रविवारही संपायचे, ही धास्ती.

तिथे ते जेवत कमी, तपासत जास्त. बटाट्याचं 'अंडं' समोर आलं की चष्मा कपाळावर.

"पिवळा झकास जमलाय. पण पांढऱ्याची कड फार सरळ कापलीय गं. पाचव्या रांगेपासून चालून जाईल."

"बाबा, ते खायचंय."

"खातो की! आधी दाद तर देऊ दे."

त्या रविवारी मात्र काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेकीला दूरच्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि काय ठरवलं ते ती आज सांगणार होती. 'जाऊ नकोस', एवढेच दोन शब्द काका बसमध्ये घोकत आले होते.

हॉटेल नवंकोरं, भिंतींना अजून रंगाचा वास. गल्ल्यापाशी गुलाबी फुलांचा उंच केक मांडलेला. काका थबकले.

"प्लास्टर," ते लेकीच्या कानाशी कुजबुजले. "उन्हाळ्यात तडा जाणार बघ."

"बाबा, हात नका लावू हं!"

पण जन्माची सवय. प्लास्टर वाळलंय का, हे अंगठा दाबूनच कळतं. काकांनी दाबला, आणि तो मुळापर्यंत आत गेला.

गल्ल्यावरच्या बाईनं आ वासला. "अहो आजोबा! सकाळपासून खपतेय मी त्याच्यावर!"

"चुकलो, बाई." काका हात जोडायला गेले, तर क्रीम दुसऱ्याही हाताला. "पण उभ्या आयुष्यात मला कुणी असं फसवलं नव्हतं. अख्खा केक आमचा."

लेक पोट धरधरून हसत होती. थेट आईसारखी, मान मागे टाकून. काका बघतच राहिले. केक कापून टेबलावर आला, तशी ती हळूहळू गप्प झाली.

"बाबा, मी हो म्हटलंय. पुढच्या महिन्यात जायचंय. फोनवर सांगवेना."

घोकलेले शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. काकांनी तिच्याकडे पाहिलं. हसून ओले झालेले डोळे तिनं अजून पुसले नव्हते.

"चिडलात?"

"छे गं! सामान तेवढं तू बांधू नकोस. मी येतो बांधायला. एवढे दौरे केले, पण माझी एक बशी कधी फुटली नाही."

तिनं त्यांच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला. केक चांगला मऊ होता, जिभेवर विरघळण्याजोगा. तरी काका तो घास बराच वेळ चावत राहिले.