सिमेंटखालचा फणस

आमच्या बोरिवलीच्या घरच्या अंगणात फणस होता. तो मेला असता तर माणसांच्या मूर्खपणाने मेला असता. वाचला, तर श्रेय देवाला गेलं. मला त्याचा अजून राग येतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. थोरल्या दिरांना ऑफिसात बढती मिळाली. साहेब चहाला येणार म्हणून त्यांनी शेणाने सारवायचं अंगण उखडून पक्कं सिमेंट करून घेतलं, अगदी फणसाच्या बुंध्यापर्यंत. त्या वर्षी पाऊसही कमी झालेला. शिमग्यालाच विहिरीचा तळ दिसू लागला. बारा महिने हिरवा असणारा फणस पिवळा पडला. रोज सूपभर पानं गळायची.

दीर म्हणाले, "गेलं हे झाड. वैशाख संपेपर्यंत बघू, मग करवत. पाट चांगले होतील."

सासूबाई रडल्या. गावाहून आठळी आणून त्यांनीच तो लावला होता. रडून झाल्यावर त्यांनी काय केलं, तर घाटकोपरहून चुलत सासऱ्यांना गाऱ्हाणं घालायला बोलावलं. सगळे झाडापुढे हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! ह्या झाडाक कोणाची नजर लागली आसात, तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"घरात कोणाचो पाय वाकडो पडलो आसात, तर…"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात शेवटी आलेली सून मीच.

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने मीच म्हटलं.

मग नारळ फोडला. त्याचं पाणी सिमेंटवर पडलं आणि उताराने थेट गटारात गेलं. थेंब मुरला नाही. सासूबाई रोज बुंध्यावर भक्तीने कळशी ओतायच्या, तीही तिथेच जात होती. एवढी शिकलेली माणसं उभी होती, एकाच्याही डोळ्यांना ते दिसलं नाही. मी चौथी पास, मला दिसलं.

"देवाचं पाणी गटारात गेलं," मी म्हटलं.

"तू गप रव गो!" सासूबाई ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी पुरुष ऑफिसात गेल्यावर मी पहार घेतली.

"अगं, हे घर डोक्यावर घेतील!" थोरली जाऊ म्हणाली.

"घेऊ देत. तोवर खणून होईल."

माझे वडील सांगायचे, मोठ्या झाडाला बुंध्याशी पाणी घालू नये, सावली संपते तिथे घालावं. त्या कडेने मी सिमेंट फोडून हातभर रुंद चर काढला. आतली माती राखेसारखी कोरडी होती. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी त्यात हळूहळू सोडलं, वर गळलेलीच पानं पसरली. मग कोयत्याने होत्या नव्हत्या तेवढ्या कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, उतरवल्या.

"लेकींकडे काय पाठवू? माझी पोरं तोडलीस!" सासूबाई म्हणाल्या.

"आजारी बाईच्या अंगावर दहा पोरं पाजायला द्याल का?"



त्याच संध्याकाळी दीर चरापाशी थबकले. "हे कोणी केलं?"

"मी."

"उद्या साहेब आले तर?"

"सावलीत बसवा. सावली उरली तर."

आमच्या यांनी मान खाली घातली आणि चहा मागितला. नवरा म्हणून एवढीच मदत.

वैशाख संपायला पाच-सहा दिवस असताना शेंड्याला कोवळी, चकचकीत पानं फुटली. लगेच चुलत सासरे आले, दुसरा नारळ फुटला. "देवान आयकल्यान," सासूबाई सगळ्या आळीत सांगत फिरल्या. माझ्या हातांना फोड आले होते, त्यांचं कोणी विचारलं नाही.

हेही सोडलं असतं. पण दिवाळीच्या आधी दिरांनी चर बुजवायला सिमेंटचं पोतं आणून फणसाखाली ठेवलं. गवंडी दुसऱ्या दिवशी यायचा होता. मी पोत्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. गवंडी आला तेव्हा पोत्याचा दगड झाला होता.

दीर महिनाभर धुमसत होते. तो दगड कोणी हलवला नाही. पुढे कित्येक वर्षं मी त्यावरच बसून आठळ्या सोलल्या.