बाल्कनीवालीचं नाव

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून जाते. आईशी यावरून कितीदा वाजलंय! त्यामुळे हसायचं तर खुशाल हसा... पण आधी वाचा.

शारजात, रोल्ला भागात राहते मी. एकच फ्लॅट, प्लायवूड ठोकून पाडलेले कप्पे, प्रत्येकात एक बाई. इथे नावं नसतात — मी हॉलवाली, प्लायपलीकडे बाल्कनीवाली. ती कुठल्याशा पार्लरमध्ये जाते, एवढंच ठाऊक. बाथरूमपाशी समोरासमोर आलो तर "पहले आप". खलास.

शुक्रवारची दुपार, सुट्टी. हेडफोन लावून कोरियन ड्रामा बघत होते. मोठ्या शहरात एकटी पडलेली मुलगी, ढुंकूनही न बघणाऱ्या शेजाऱ्यांवर एकेक करून सूड उगवते. भयंकर! पण सोडवत नाही. ती सिंकपाशी सुरीला धार लावत होती... थांबली. थेट माझ्याकडे बघितलं. आणि स्वच्छ मराठीत म्हणाली,

"वैशाली पडलीय. बघ की गं!"

अहो, कोरियन ड्रामात मराठी कुठून येणार? आणि कोण वैशाली? मी तर एकही वैशाली ओळखत नाही!

हेडफोन भिरकावून किचनमध्ये पळाले. आमच्याच फ्लॅटमधली केरळची चेची, म्हणजे ताई, मासे तळत होती.

"चेची, अपने यहाँ वैशाली कौन है?"

"मालूम नहीं. सब बाहर गया. बाल्कनीवाली का चप्पल इधर है... लेकिन सुबह से दिखा नहीं."

तिचं दार आतून बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. "यल्ला, चलो, तोड़ो!" चेची ओरडली. दोघींनी खांदे लावले, कडी उखडली. ती जमिनीवर पडलेली — ओठ पांढरेफटक, अंग घामाने थबथबलेलं. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, शुगर पार उतरलीय, आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

तो एपिसोड मी पुन्हा पाहिला. ती मुलगी धार लावते, लावतच राहते. मान वर करतसुद्धा नाही. डुलकी लागली असेल म्हणाल, तर छे! टक्क जागी होते मी.

दुसऱ्या दिवशी सफरचंदं घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. ती उठून बसली होती. भीतभीतच हाक मारून बघितली, "वैशाली?"

ती दचकली.

"माझं नाव कोणी सांगितलं तुला?" चक्क मराठीत म्हणाली. "फ्लॅटवर तर कधी कोणी विचारलंच नाही."

मी तिच्या हातात सफरचंद दिलं आणि आधी माझं नाव सांगितलं.