आप्पांचा फॉर्म

दौंडच्या विहारात दर रविवारी आमचं वाचक मंडळ भरायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग तासभर भांडायचं. रेल्वेत गँगमन असलेले आप्पा निवृत्त झाल्यापासून एकही रविवार चुकवत नसत. त्यांना वाचता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं वाचणारा त्यांच्याकडेच तोंड करून बसायचा.

दोन हजार सालानंतर निम्मी मंडळी शिरूरकडच्या कारखान्यांत शिफ्टला लागली आणि विहारात चारपाच डोकी उरली. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, म्हणून मंडळाची वेबसाइट करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. दिवसभर पोरांपुढं घसा कोरडा करायचा आणि लोडशेडिंगमधून उरलेल्या वेळात हे. इथं नीट दिसणारं मराठी शिरूरच्या सायबर कॅफेत उघडलं की नुसते चौकोन. चार महिन्यांत पार पिट्टा पडला. पुस्तकावर मत लिहायला जागा केली, सभासदांची यादी केली. उगाच कुणी घुसू नये म्हणून फॉर्ममध्ये ‘किती पुस्तकं वाचलीत?’ हा रकाना सक्तीचा केला. तिथं शून्य चालायचं नाही. ही अक्कल माझीच.

“साइट हाय की आता,” म्हणत लोकांनी रविवारचं बसणंच बंद केलं. मीही केलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

मग एका रविवारी दुपारी आप्पा क्लासवर आले.

“पोरी, मंडळ हितं आलंय म्हणं. माझं बी नाव घाल.”

मी फॉर्म उघडला. नाव, गाव भरलं.

“आप्पा, पुस्तकं किती वाचली?”

“एक बी न्हाई.”

“अहो, इतकी वर्षं येताय!”

“ती ऐकली. वाचली कवा?”

मी शून्य टाकलं. पडद्यावर लाल अक्षरं आली.

“काय म्हणतंय ते?”

“काही नाही, जरा थांबा,” म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ती अट काढून टाकायला दोन मिनिटंही लागली नाहीत. फॉर्म गेला.

“झालं, आप्पा. तुम्ही सभासद झालात.”

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, खुर्ची पुढं ओढली आणि डोळे मिटून घेतले.

“व्हय, कर सुरू,” ते म्हणाले.

पडद्यावर होतं तेवढं मी मोठ्यानं वाचलं, “आपलं स्वागत आहे.”

“आन् पुढं?”