मिठाच्या पाण्यातलं अंडं

इस्लामपूरला अकरावीत असताना मी भौतिकशास्त्राच्या मॅडमना विचारलं, "सिनेमातलं यान एवढं सुसाट सुटतं, तरी आतली माणसं चेंगरत कशी नाहीत?" वर्ग हसला, पण मॅडम हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन डबे आणले. एकात नुसतं अंडं, दुसऱ्यात काठोकाठ मिठाच्या पाण्यात अधांतरी राहिलेलं. झाकणं लावून दोन्ही आपटले. नुसतं अंडं फुटलं, पाण्यातलं शाबूत राहिलं.

"मग यानातल्या माणसांना असं सांभाळणारं यंत्र होईल?" मी विचारलं.

"पाणी फक्त बाहेरून सांभाळतं, आतले अवयव हलतातच," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठी शरीरातला कणन् कण सारखाच ढकलायला हवा. ते फक्त गुरुत्वाकर्षणाला जमतं. ते कधी आपल्या हाती येईल का, मला ठाऊक नाही."

एवढ्या शिकलेल्या बाईंनी 'ठाऊक नाही' असं सरळ सांगितलं, याचं मला अप्रूप वाटलं. घरी जाताना आष्ट्याच्या एसटीत दर ब्रेकला पोटात काय हलतं, तेच बघत होते.