मिलिंदची बंद मोटारसायकल

चालू गाडीचे किस्से होत नाहीत. ती बिचारी नेते आणि आणते, संपलं! किस्से होतात ते बंद गाडीचे. आमच्या मिलिंद मेश्रामची मोटारसायकल जवळजवळ दोन वर्षं बंद होती, त्यामुळे आमच्या ग्रुपकडे भरपूर माल साठलाय. अजूनही इथे अमेरिकेत, अल्फारेटातले आम्ही जुने लोक कुणाकडे जेवायला जमलो, की "ती मोटारसायकल आठवते का रे?" असं कुणीतरी म्हणतंच. मग पानातला भात गार होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सगळे कम्प्युटरच्या नोकऱ्यांवर आलेलो. मिलिंद नागपूरचा, त्याची बायको सुजाता चंद्रपूरची, शिरीष गिरगावचा आणि मी पुण्याचा. म्हणजे न विचारता मत देण्याची जबाबदारी माझ्याकडे!

*

एका शनिवारी मिलिंद भाड्याचा ट्रक घेऊन दारात आला. पेपरातली जाहिरात बघून त्याने कुठल्याशा शेतावरच्या कोठारातून जुनी ब्रिटिश मोटारसायकल घेतली होती. आम्ही उतरवायला धावलो. आधी एक सांगाडा उतरला, मग दोन चाकं उतरली, आणि मग खोकी उतरायला लागली. खोकी काही संपेनात.

सुजाता दारात हाताची घडी घालून उभी. "मोटारसायकल आणायला गेला होतास ना?"

"हो."

"मग कुठाय ती?"

मिलिंदने खोक्यांकडे हात केला. "यातच आहे. फक्त शोधायची आहे!"

*

हा उद्योग कशासाठी, ते त्याने नंतर सांगितलं.

मिलिंदचे बाबा सरकारी खात्यात फिरतीच्या नोकरीवर होते. खात्याने त्यांना अशीच एक मोटारसायकल दिली होती. बाबा कमालीचे सरळ. सरकारी गाडीवर घरचं माणूस बसवायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घातलेला. आई बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघायची, आणि मागून बाबा ऑफिसमधून यायचे. आईजवळ आले की गाडी हळू करायचे आणि म्हणायचे, "ये सावकाश, घाई नाही काही!" मग भुर्रकन पुढे. रिटायर होईपर्यंत हेच चाललं. स्वतःची गाडी घेणं कधी जमलं नाही.

"आईने कधी तक्रार केली नाही यार," मिलिंद म्हणाला. "पण गाडी पुढे गेली की ती एकदा थांबायची, आणि पिशव्यांचे हात बदलायची. मी सोबत असायचो. मी पाहिलंय ते."

आई-बाबा दोन वर्षांनी उन्हाळ्यात येणार होते आणि थंडी सुरू व्हायच्या आत परत जाणार होते. तेवढ्यात आई एकदा बाबांच्या मागे मोटारसायकलवर बसली पाहिजे. नंतर गाडी भंगारात गेली तरी त्याची हरकत नव्हती.

हे ऐकल्यावर आम्ही कुणी त्या गाडीला भंगार म्हटलं नाही. निदान मिलिंदसमोर तरी नाही.

*

बाहेरचं सगळं मिलिंदने स्वतः केलं. गंज घासला, रंग दिला, टाकी अशी चमकवली की सुजाता तिच्यात बघून टिकली लावायची. इंजिनही त्यानेच जोडलं, पण ते काही बोलेना. मग आम्ही मेकॅनिक शोधायला निघालो.

पहिलं दुकान मोठं, चकचकीत. गिऱ्हाइकांसाठी सोफा, कॉफी, टीव्ही. पण आपल्याकडे शिकवण काय? मेकॅनिकच्या समोर उभं राहून काम करून घ्यायचं, पाठ फिरवली की पार्ट बदलला! त्यामुळे आम्ही चौघंही सोफा सोडून आतल्या काचेला नाक लावून उभे.

थोड्या वेळाने मॅनेजर बाहेर आला. "काही प्रॉब्लेम आहे का?"

"नो, नो," मिलिंद नम्रपणे म्हणाला. "वुई आर जस्ट वॉचिंग."

"वॉचिंग व्हॉट?"

शिरीष म्हणाला, "यू!"

इतक्या जुन्या गाडीचं काम आम्ही करत नाही, हे त्या मॅनेजरला त्यानंतर लगेच आठवलं.

*

दुसरा मेकॅनिक एकटाच होता आणि गोड बोलायचा. गाडी ठेवून घेतली, आणि म्हणाला, "मंगळवारी या." मंगळवारी गेलो तर, "पुढच्या मंगळवारी." झाडांची पानं गळली, परत फुटली, याचा मंगळवार काही उजाडेना.

शिरीष खूश! "अरे, हा तर आमच्या गल्लीतला टेलर! अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा घरच्यासारखं वाटतंय."

मिलिंदचा चेहरा मात्र उतरत चालला होता. आई-बाबांची तिकिटं निघाली होती. शेवटी सुजाताने रजा टाकली. फोल्डिंगची खुर्ची, डबा आणि विणकाम घेऊन ती त्याच्या दुकानाच्या दारातच बसली. येणारं गिऱ्हाईक तिला वळसा घालून आत जायचं.

तो बाहेर आला. "मॅम, आज बुधवार आहे."

"आय नो," सुजाता सुई न थांबवता म्हणाली. "आय ॲम वेटिंग फॉर ट्यूजडे."

संध्याकाळी गाडी घरी. इंजिन बंद ते बंदच होतं, आणि वर पुढचा मूळचा दिवा जाऊन दुसराच आला होता. "बघा!" शिरीष म्हणाला. "समोर उभं राहायला हवं होतं!"

*

मग हॅल सापडला. सुजाताच्या ऑफिसातल्या एका बाईच्या ओळखीचा. गावाबाहेर त्याचं शेड होतं, तिथे तो ट्रॅक्टर आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. फाटकापासून शेडपर्यंत लांबलचक खडीचा रस्ता. माणूस उंच, तोंडाचा फटकळ, स्वतःच्या कामाचं कौतुक स्वतःच करणारा. त्याचं जॉर्जियाचं इंग्रजी आम्हाला निम्मंच कळायचं, म्हणून मी ते सरळ मराठीतच सांगतो.

आम्ही मुलगी बघायला निघाल्यासारखे सगळे गेलो. हॅलने आमच्याकडे बघितलं. "गाडी कुणाची?"

चौघांनी एकदम सांगितलं, "आमची!"

"बरं. इंजिन कुणी जोडलं?"

मिलिंद छाती काढून पुढे झाला. "मी!"

हॅलने वाकून इंजिन पाहिलं, सावकाश सरळ झाला आणि म्हणाला, "हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस."

मग त्याने अटी घातल्या. समोर उभं राहायचं नाही, फोन करायचा नाही, झालं की मीच बोलावीन. म्हणजे आमच्या शिकवणीच्या बरोब्बर उलट! एकदा हात पोळलेले. गाडी ठेवून येताना सगळे कारमधून मागे वळून शेडकडे बघत होते.

फक्त शिरीष निवांत होता. ठेवायच्या आदल्या संध्याकाळी त्याने सुजाताची गुलाबी नेलपॉलिश घेऊन गाडीच्या एकेका बोल्टवर, एकेका पार्टवर बारीक ठिपका दिला होता. "बदलू दे आता. लगेच कळेल!"

काही आठवड्यांनी हॅलचा मिलिंदला फोन आला. "एक बोल्ट झिजला होता, बदलावा लागला. जुना पिशवीत घालून ठेवलाय. नव्यालाही गुलाबी ठिपका दिलाय, तुमचा घोटाळा नको व्हायला. तोच रंग मिळेना, तीन दुकानं हिंडलो. दुकानातली पोरगी माझ्या बोटांकडे बघत होती!"

शिरीष दोन दिवस कुणाचा फोन घेत नव्हता. आणि मिलिंद म्हणाला, "माणूस मिळाला रे!" परक्या मुलखात कामाची माणसं पुष्कळ भेटतात. ज्याच्याकडे वस्तू सोडून शांत झोप लागावी, असा एखादाच. आम्हाला तो मिळाला होता, आणि याबद्दल आम्ही आजही त्याचे ऋणी आहोत.

*

आई-बाबा आले. मिलिंदबरोबर आम्हीही त्यांना घेऊन हॅलकडे गेलो. बाबांचं इंग्रजी सरकारी. त्यांनी हात मागे बांधले आणि म्हणाले, "सर, काइंडली डू द नीडफुल."

हॅलने मिलिंदला विचारलं, "हे काय करायला सांगतायत?"

मिलिंद म्हणाला, "जे करायला हवं ते."

"तेच तर करतोय!"

आईने मधेच डबा पुढे केला. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. पीठसुद्धा नागपूरहून बॅगेत आणलेलं. आईला इंग्रजीचा एकच शब्द येत होता, तो तिने वापरला. "ईट!" हॅलने ठेच्याचा मोठा घास घेतला. आधी कान लाल झाले, मग मान, मग डोळ्यांतून धार. आम्ही पाण्यासाठी पळापळ सुरू केली. पाण्याचा ग्लास बाजूला सारत तो म्हणाला, "थांबा. मला अजून एकदा बघू दे."

त्यानंतर शेडमध्ये उभं राहायची परवानगी फक्त आईला होती!

*

गाडी सुरू झाली तो दिवस. परतीचं विमान आठवड्यावर आलेलं. आम्ही सगळे हजर. शिरीषने चाकाखाली ठेवायला लिंबू आणलं होतं, फोडायला नारळ आणला होता.

बाबा म्हणाले, "शिरीषराव, इंजिन नारळावर नाही चालत. पेट्रोलवर चालतं."

तरी शिरीषने गुपचूप लिंबू चाकाखाली सरकवलंच. हॅल आला, वाकला, लिंबू उचललं, पँटला पुसलं, "बरं झालं आणलंत," म्हणाला आणि कापून आपल्या गार चहात पिळून मोकळा झाला! बाबा खो खो हसले. मग हॅलने किक मारली. एकदा, दोनदा, आणि ते इंजिन बोललं. तोच ठोका! बाबांचं हसू थांबलं. ते नुसते टाकीवर हात ठेवून उभे राहिले.

"बस आई," मिलिंद म्हणाला.

आईने गाडीला एक चक्कर मारली, मागचं चाक पाहिलं. "मी नाही बसत बाप्पा! साडीगार्ड कुठाय? पदर जाईन ना चाकात!"

दोन वर्षं खपलो, आणि ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती!

"सुजाताचा ड्रेस घाल," मिलिंद रडकुंडीला आला.

"इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बसणार, ते काय ड्रेस घालून बसू?"

हॅलने विचारलं, काय झालं. मिलिंदने मातीत काडीने चाक काढलं, साडी काढली, जाळी काढली. हॅलने बराच वेळ त्या चित्राकडे पाहिलं. "शुक्रवारी या."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मंगळवार आठवला! पण शुक्रवारी गेलो, तर मागच्या चाकाला डाव्या बाजूने चकचकीत जाळी बसलेली, खाली पाय ठेवायला फळी. कडा घासून घासून इतक्या गुळगुळीत केलेल्या, की रेशीमसुद्धा अडकू नये. जाळीच्या कोपऱ्यावर गुलाबी ठिपका.

"कुठून आणलीस?" मिलिंदने विचारलं.

"माझ्या बार्बेक्यूची आहे. डॉक्टरने तसंही मांस बंद केलंय."

मिलिंदने त्याला मिठीच मारली. हॅलला कळेना हातातला पाना कुठे ठेवावा.

*

आईने आपली ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. अंबाड्यावर हॅलचं लाल हेल्मेट. बाबांनी गाडी धरली, आई मागे एका बाजूला बसली, पदर पोटाशी घट्ट घेतला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. खडीच्या रस्त्यावरून गाडी फाटकाकडे निघाली. मिलिंद तोंड फिरवून उभा राहिला, त्याला बघवेना. सुजाता त्याला हलवत होती, "अरे बघ, बघ ना!"

फाटकाशी जाऊन गाडी थांबली. आम्ही वाट बघतोय, वळायचं नाव नाही. बाबा खाली उतरले. आई बसलेलीच.

"बंद पडली की काय!" असं म्हणत हॅल लांब ढांगा टाकत निघाला. आम्हीही मागोमाग, पण अर्ध्या वाटेवर थांबलो. कारण पुढे आई हातवारे करून हॅलला काहीतरी सांगत होती. मग बाबांनी आपलं हेल्मेट काढून हॅलच्या हातात दिलं. हॅल गाडीवर बसला. आई, जी नात्यातल्या पुरुषांसमोरही डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, ती आमची आई हॅलच्या मागे बसून फाटकाबाहेर रस्त्याला लागली!

बाबा एकटेच खडीवरून चालत आमच्याकडे यायला निघाले. ऊन होतं. रुमालाने मान पुसत, मधेच थांबत ते येत होते. आमच्या जवळ पोचतात तोच मागून ठोका ऐकू आला. हॅल आणि आई मोठी चक्कर मारून परत आले होते. बाबांच्या शेजारी आल्यावर आईने हॅलच्या पाठीवर टिचकी मारली. हॅलने गाडी हळू केली.

आई किंचित वाकली आणि म्हणाली,

"या सावकाश, घाई नाही काही!"

आणि गाडी भुर्रकन पुढे.