काढून पाहणाऱ्या मॅडम

मॅडमसमोर कुठलीही गोष्ट 'लागतेच' म्हणायची सोय नव्हती. इतवारीच्या बाजारात, भांड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. वाचनालयांतल्या, लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरांसाठी आम्ही मराठी पेपर वाचायचा प्रोग्राम तयार करायचो. त्याच्या सोबत काय काय लागतं याच्या दोन याद्या असत. पहिलीतलं काही नसेल तर प्रोग्राम बसतच नाही. दुसरीतलं असलं तर बरं, नसलं तरी भागतं. मी सगळं बिनधास्त पहिलीत कोंबायचो.

"काहून लागते? काढून पाय ना गा!" म्हणत मॅडम माझ्यादेखत ती गोष्ट उडवायच्या. प्रोग्राम मजेत चालायचा आणि माझं तोंड एवढंसं व्हायचं. "गावातल्या जुन्या मशीनवर इतकं ओझं? तिथं नेट तरी पुरते काय?" असं वर ऐकावं लागे. त्यांच्या स्वतःच्या टेबलावरही पाण्याच्या बाटलीखेरीज काही नसायचं.

एक दिवस आमच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, मॅडमचंच हत्यार उचललं. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा भाग सगळ्यात जड होता. "मॅडम, हा काढला तरी चालते. दुसऱ्या यादीत टाका." बोलणं खरं होतं. पण वाचनालयवाले दुसऱ्या यादीतलं काहीच बसवत नसत, आणि खापा गावच्या वाचनालयात एक अंध गुरुजी रोज त्या आवाजावर पेपर ऐकत.

मॅडम उठल्या आणि त्यांनी साहेबांचा मॉनिटर बंद केला. "आता चालवून दाखवा."

साहेब माऊस हलवत बसले. "कसा चालवू? काही दिसूनच नाही राहिलं."

"गुरुजीले तरी काय दिसते? आवाज पहिल्या यादीतच राहते."

"एका माणसासाठी?"

"हो. एका माणसासाठी."

त्याच संध्याकाळी त्यांनी आवाजासकट प्रोग्राम सगळ्या वाचनालयांना धाडून दिला. महिनाअखेरीस साहेबांनी त्यांना घरी बसवलं.

मला रडूच फुटायचं बाकी होतं. "मॅडम, तुमच्याशिवाय हे ऑफिस चालत नाही."

"चालते. त्यांनी काढून पायलं ना," पिशवीत बाटली टाकत त्या म्हणाल्या. "तू आवाजाकडे लक्ष दे." आणि घरी, बेशाकडे जाणाऱ्या ऑटोत बसल्या.

ऑफिस खरंच चाललं, याचा मला अजून राग येतो. याद्या आता माझ्याकडे आहेत. अधूनमधून कोणी हुशार येतो आणि विचारतो, आवाज लागतोच का? मी वाद घालत नाही. उठून त्याचा मॉनिटर बंद करतो.