अर्धा किलोचा हार

छतावरचा पंखा खडखडायला लागला, की ती घटना आजही माझ्यासमोर उभी राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण ज्या प्रकरणाने मला माझं काम शिकवलं त्यात ना खून होता ना दरोडा. खरं सांगायचं तर गुन्हासुद्धा नव्हता. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून हिंडती-फिरती आहेत आणि मला अधूनमधून जेवायला बोलावतात. ते मला बंद पाडायचं नाही.

पांढरकवड्यापासून फार लांब नाही अशा एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कापसाचे ते वाईट दिवस. मे लागला तरी भावाची वाट पाहत कापूस घराघरांत पडून होता आणि मंत्री, पाहणी पथकं, कॅमेरेवाले यांच्या गाड्यांपुढे धावण्यात आमचं निम्मं ठाणं खर्ची पडत होतं. ऊन असं, की हैदराबाद रोडवर ट्रकवाले डांबरावर आम्लेट करत. मी स्वतः खाल्लेलं आहे. मीठ कमी होतं. ठाण्यात पंखा एकच. इंग्रज जाताना सगळं घेऊन गेले, तो पंखा तेवढा ठेवून गेले. मुळात त्याच्या आवाजाला कंटाळूनच ते गेले असावेत, असं माझं मत आहे.

एका मंगळवारी दुपारी मारेगावकडच्या खेड्यातली पन्नाशीची एक बाई फिर्याद द्यायला आली. मी बंदोबस्तावर होतो. ठाणे अंमलदार म्हणून आमचे जुने हवालदार बसले होते. मिशा दोन पण कान दीडच, असा माणूस. संध्याकाळी मी डायरी वाचली ती अशी: ‘एक हार, डिस (डिझाइनचा) गेला. आकार चौकोनी, तळहाताएवढा. वजन अंदाजे अर्धा किलो. ठेवण्याची जागा, मशीनच्या पोटात. संशयित, मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. दुकान कालपासून बंद.’

अर्धा किलोचा हार. मी खुर्चीत सरळ बसलो. एवढा हार अंगावर घातला तर नवरी मांडवातच वाकली असती. आणि लग्न खरोखरच होतं. बाईच्या मुलीचं, येत्या रविवारी. हवालदारांना विचारलं, बाई आणखी काही बोलली का.

“लय रडून राह्यली होती साहेब. म्हणे मालकाचा आवाज हाये त्याच्यात. दुःखात माणूस काहीबाही बोलते. ते नाही लिवलं मी.”

मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आम्ही तालुक्यातल्या सराफांचं जेवण बंद पाडलं. चौकोनी हाराचं वर्णन ऐकून एका सराफाने तसं डिझाइन बनवायला घेतलं, असंही कानावर आलं. हार मात्र सापडेना.

गुरुवारी सकाळी खबर मिळाली. मिस्त्रीच्या दुकानासमोरचा पानठेलेवाला आमचा खबऱ्या होता. खबर देतानाही तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचं थांबवत नसे. घोटण्याचा वेग वाढला की खबर पक्की समजायची. त्या दिवशी हात भिंगरीसारखा फिरत होता. मिस्त्री नागपूरच्या गाडीतून नुकताच उतरला होता. अर्धं शटर ओढून त्याने तळहाताएवढी जड वस्तू कापसात गुंडाळली आणि कपाटात कुलूपबंद केली. “लेकरावानी गुंडाळली जी,” तो म्हणाला.

दोन पंच घेऊन आम्ही दुकानात शिरलो. कपाटात कापसाच्या गादीवर धातूच्या दोन सारख्याच चपट्या डब्या निघाल्या, एका अंगाला हिरवी पट्टी. त्या वर्षी कापसाला एवढ्या मानाने वागवणारा मी पाहिलेला तो एकच माणूस. डबी हातात घेतली. वजन बरोबर अर्धा किलो. हवालदारांनी कोपरा दाताखाली धरून पाहिला आणि सोनं नाही, असा अभिप्राय दिला. पंचनामा करून मुद्देमाल आणि मिस्त्री दोन्ही ठाण्यात आणले.

मिस्त्री मुसलमान, पन्नाशीचा. बापाच्या हाताखाली रेडिओ शिकला, मग टेप, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. मी दरडावून विचारलं, हार कुठे आहे.

“हार नाही मानली साहेब अजून. इतवारपर्यंत तर मानतच नाही.”

मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. आवाज चढवला. तरी तो तेच बोलला, डोळ्यांत पाणी आणून. इथे मी थांबलो. चोर विचारल्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवून येतो. निर्दोष माणूस त्याच्या मनात जो प्रश्न चाललेला असतो त्याचं उत्तर देऊन मोकळा होतो.

फिर्यादीला बोलावलं. बाई या वेळी नवऱ्याला घेऊन आली. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, गळ्याला पांढरा रुमाल, हातात पाटी. खर्ऱ्याने घसा नासला, शस्त्रक्रियेत आवाज कायमचा गेला होता. त्यांनी “जय भीम” पाटीवर लिहून दाखवला, डायरी ओढून घेतली आणि खिशातून लाल पेन काढलं. स्टेशन डायरीत खाडाखोड म्हणजे नोकरीवर बेतणारी गोष्ट. पण लाल पेन धरलेल्या मास्तरला अडवायची हिंमत जिल्ह्यात कोणाची नव्हती. ‘हार, डिस’ खोडून त्यांनी लिहिलं, ‘हार्ड डिस्क’. जाता जाता दोन वेलांट्याही सुधारल्या. हवालदारांनी नकळत हात पुढे केला, छडी खायला.

मग उलगडा झाला. पंचक्रोशीतली निम्मी बौद्ध लग्नं या गुरुजींच्या आवाजात लागलेली. जयमंगल अष्टगाथा म्हणावी तर त्यांनीच. शस्त्रक्रियेची तारीख ठरली तेव्हा ते पंधरा दिवस कॉम्प्युटरसमोर बसले आणि मुलीच्या लग्नासाठी अष्टगाथा म्हणून ठेवली. पुढे नातवंडं होतील त्यांच्यासाठी पाढे, गोष्टी, अंगाईसुद्धा. डिस्क काठोकाठ भरली. लग्नाचे फोटो-व्हिडिओ कुठे मावणार, म्हणून नागपुरातून मोठी डिस्क मागवून मशीन मिस्त्रीकडे दिलं. तो जुनीतलं सामान नवीत उतरवत असताना लोडशेडिंग झालं. वीज परत आली ती झटका देत, आणि जुनीतलं सामान शाबूत राहिलं तरी तिला चालवणारी हिरवी पट्टी जळाली. मिस्त्रीने नवी डिस्क बसवून मशीन घरी पोचवलं, “पुरानी काढली,” एवढंच सांगितलं, आणि त्याच मॉडेलची दुसरी जुनी डिस्क शोधायला कुलूप लावून नागपूरच्या भंगार बाजारात गेला. घरी मशीन लावून पाहिलं तर आवाज कुठेच नाही आणि दुकानाला कुलूप, म्हणून बाई ठाण्यात आली.

“सांगायचं होतं ना घरी,” मी म्हटलं.

“काय तोंडानं सांगू साहेब? माझं लग्न याहिच्याच शाळेच्या मैदानात झालं. आवाज माझ्या दुकानात गेला.”

आता मुद्देमाल ठाण्याबाहेर द्यायचा तर कागदपत्रं, आणि रविवार तोंडावर. मी म्हटलं, इथेच करा. आमच्या ठाण्यातही एक कॉम्प्युटर होता. दसऱ्याला पूजा आणि वर्षभर कव्हर, एवढीच त्याची ड्युटी. त्याचं पोट पहिल्यांदाच उघडलं तर आत कुंकू आणि पालीची अंडी निघाली. मिस्त्रीने चांदणीच्या तोंडाचे बारीक स्क्रू काढले, भंगारातल्या डिस्कची हिरवी पट्टी गुरुजींच्या डिस्कला लावली, ती मशीनला जोडली आणि बटण दाबलं. डिस्क हलकेच गुरगुरली. मिस्त्री इतका वाकला, की त्याची टोपी मशीनमध्ये पडायची बाकी होती.

स्पीकरमधून आधी खाकरणं आलं. मग भरदार, जरासा चिडका आवाज.

“पंखा बंद कर वं, खरखर येऊन राह्यली.”

बाई खुर्चीतून उठली. भिंतीपाशी गेली आणि तिने ठाण्याचा पंखा बंद केला.

पाती थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, मग आपण कुठे आहोत हे ध्यानात येऊन पदर तोंडाला लावला. गुरुजींनी तिला हाताने जवळ बसवलं आणि पाटी तिच्या मांडीवर ठेवली. एकच शब्द होता, ‘ऐक.’ अष्टगाथा सुरू झाली. त्या खोलीत मे महिना होता, पण घामाने ओला झालेला फक्त सदरा होता. चेहऱ्यांचं मी सांगत नाही.

संपल्यावर मिस्त्री हळूच म्हणाला, सुरुवातीचं पंख्याचं तेवढं कापून टाकतो. गुरुजींनी लिहिलं, ‘राहू द्या.’

रविवारी आम्ही झाडून लग्नाला गेलो. नवरा-नवरी फुलांचे हार घेऊन उभे होते. मी हवालदारांना म्हटलं, नीट पाहून घ्या, हार असा असतो. तेवढ्यात स्पीकरमधून गुरुजी म्हणाले, “पंखा बंद कर वं.” आणि आमचे दीड कानाचे हवालदार उठले आणि मांडवातले चारही कूलर एकेक करून बंद करून आले. अष्टगाथा संपेपर्यंत मांडवातलं एकही माणूस जागचं हललं नाही.

काय गेलं, हे बाईने पहिल्याच दिवशी स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. मालकाचा आवाज. तेवढंच एक वाक्य आम्ही लिहिलं नव्हतं. गेलेल्या वस्तूचं वजन, आकार, रंग आम्ही विचारतो. त्या वस्तूत काय होतं हे माणूस आपणहून सांगतो, आणि ते नेमकं खडखडाटात बुडतं.

निवृत्तीनंतरही लोक गाऱ्हाणी घेऊन घरी येतात. पाणी देतो, बसवतो. आणि कितीही ऊन असो, आधी उठून पंखा बंद करतो.